लपवून वाढणारे आप्पा

घोरपडींच्या आहाराची वही माझ्याकडे होती. रोज सकाळी मी तीत लिहायचो: खिमा दोनशे ग्रॅम, अंडं एक. खाली सही. असं मी कितीतरी महिने लिहिलं आणि त्या महिन्यांत एकदाही घोरपडीकडे नीट पाहिलं नाही. हे सांगायला आता लाज वाटत नाही, कारण भिला आप्पांनी मला त्याबद्दल पुरेसं लाजवलेलं आहे.

आमचं केंद्र सुरतेच्या कडेला, डिंडोलीच्या पलीकडे. जखमी, जप्त केलेले, कुणाच्या तरी घरात घुसलेले प्राणी-पक्षी आमच्याकडे येतात. पतंगाच्या मांजाने कापलेले बगळे सगळ्यांत जास्त. मी तिथे कंपाउंडर, मूळचा नांदेडकडचा. आप्पा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विभागाचे कीपर. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी लिंबायतमध्ये लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालवले होते. लूमच्या खडखडाटात त्यांचा डावा कान पुरता आणि उजवा अर्धा गेला होता, त्यामुळे ते स्वतः नेहमी ओरडून बोलायचे आणि समोरचा हळू का बोलतो म्हणून त्याच्यावर रागवायचे. पण डोळे! आठ लूमवर एकट्याने नजर ठेवायची, कुठला धागा तुटला ते चालता चालता हेरायचं, ही बावीस वर्षांची सवय. पिंजऱ्यांपुढूनही ते तसेच चालायचे. हात पाठीमागे, मान थोडी पुढे, कुठेही न थांबता. आणि मधेच थांबले की समजायचं, काहीतरी तुटलंय.

गळ्यात तुळशीची माळ. उभ्या जन्मात मांस तोंडाला लावलेलं नाही. असा माणूस दिवसभर खेकडे, उंदीर आणि कोंबडीची पिल्लं यांचा विचार करत बसायचा. मला पहिल्यांदा याचं हसू आलं होतं.

माझी वही त्यांनी पाहिली ती मी रुजू झाल्यानंतर बऱ्याच दिवसांनी. खिशातून चष्मा काढून त्यांनी दोन पानं वाचली. मग वही परत देत आपल्या खानदेशी बोलीत म्हणाले, "भाऊ, पुढून काय गयं ते तू लिखस. मागून काय उनं ते कोन लिखी?"

मला वाटलं थट्टा करतायत. ते मला हाताला धरून पिंजऱ्यात घेऊन गेले आणि एका काडीने घोरपडीची विष्ठा उलगडून दाखवू लागले. पांढरा भाग खडूसारखा घट्ट झालाय, म्हणजे पाणी कमी पडतंय. काळा भाग चिकट, त्यात एकही हाड नाही, केस नाही, कवच नाही, म्हणजे पोटाला काही कामच नाही. "हाड नही, कातडं नही, नख नही. हाई काय जेवण शे? नुसती साय!" खिम्याला साय म्हणणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. घोरपड रानात खिमा खात नाही. ती बेडूक खाते, खेकडा खाते, गोगलगाय कवचासकट, उंदीर शेपटीसकट, नाकतोडे, झुरळं, मेलेलं काहीबाही, आणि नशीब असलं तर एखादं अंडं. हाडातून तिला चुना मिळतो. आणि ती रोज खात नाही. एकदा पोटभर मिळालं की चार दिवस उन्हात पडून राहते. आम्ही तिला सिमेंटच्या खोलीत ठेवून रोज ताटात खिमा देत होतो, आणि ती जाड होऊन आजारी पडली की औषध देत होतो. ते औषध मीच द्यायचो.

हे सगळं आप्पांना कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. धुळ्याकडच्या त्यांच्या गावात लहानपणी ते बांधावर बकऱ्या चारायचे, तेव्हा पाहिलेलं. पाहिलेलं म्हणजे काय, तर एकाच बिळासमोर दिवस दिवस बसून पाहिलेलं. आमच्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, गुजराती, अभ्यास दांडगा. त्यांनी आप्पांचं म्हणणं ऐकून घेतलं, आपली पुस्तकं उघडली, आणि दुसऱ्या दिवशी मला वहीत एक नवा रकाना आखायला सांगितलं. मागून काय आलं, त्याचा. नांदेडला पत्र पाठवून घरी हे कळवावं असं मला वाटलं नाही.

उंदरांची गोष्ट वेगळीच. लिंबायतच्या लूमच्या कारखान्यांत उंदीर भरपूर, सूत कुरतडतात. आप्पांचे जुने सोबती पिंजरे लावून उंदीर पकडायचे आणि आप्पा सायकलच्या कॅरिअरला पिंजरा बांधून ते घेऊन यायचे. पण आणलेला उंदीर ते लगेच घोरपडीला देत नसत. काही मालक विष घालतात. विष खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस धडधाकट फिरतो, मग मरतो, आणि तेवढ्यात तो घोरपडीच्या पोटात गेला तर तीही जाते. म्हणून प्रत्येक उंदीर आठ दिवस वेगळा ठेवायचा, त्याला बाजरी आणि पाणी द्यायचं, आणि आठव्या दिवशी तो जिवंत असला तर पास. मॅडम त्यावर आणखी जंतांची तपासणी करायच्या. आठ दिवस आप्पा त्या उंदरांना मुठीमुठीने बाजरी घालायचे, एखादा खात नसला तर हळहळायचे. मग आठवा दिवस यायचा.

मारण्याचं काम मॅडमनी माझ्याकडे दिलं होतं, त्रास न होईल अशा पद्धतीने. "मारानं काम तुन्हं, वाढानं काम मन्हं," असं आप्पांनी वाटप करून टाकलं होतं. मी तयारी करू लागलो की ते पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. ऐकू येत नसल्यामुळे त्यांना काही कळायचं नाही. थोड्या वेळाने तसेच उभे राहून ओरडायचे, "झायं का भाऊ?" झालं म्हटलं तरी ऐकू यायचं नाही. मग मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचो.

आता शेठाणीकडे येतो.

शेठाणी म्हणजे एक घोरपड. एका पावसाळ्याच्या अखेरीला वनखात्याने ती एका फार्महाऊसवरून जप्त करून आणली. कुणीतरी हौसेने पिल्लू असल्यापासून पाळलेली. तिला बिनहाडाच्या चिकनचे तुकडे आणि उकडलेली अंडी हातातून भरवायचे. परिणाम असा की पोट जमिनीला घासत होतं, पुढचे पाय चुन्याअभावी वाकले होते, आणि माणूस दिसला की ती धावत यायची, म्हणजे धावायचा प्रयत्न करायची, आणि मान वर करून तोंड उघडून बसायची. आम्ही सगळे हसलो. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तिचं नाव तेवढं ठेवलं.

वनखात्याचं म्हणणं होतं की ही सुधारली आणि रानात सोडण्यालायक झाली तर सोडू, नाहीतर जन्मभर इथेच. सोडण्यालायक म्हणजे काय, तर स्वतः शोधून खाणारी, झाडावर चढणारी, आणि माणसाला टाळणारी. आप्पांनी ते मनावर घेतलं. त्यांची नोकरी संपायला दोन वर्षं होती. त्यांनी माझ्यादेखत पिंजऱ्याच्या दाराला हात लावून सांगितलं की मी जाण्याआधी ही गेली पाहिजे. नवस वगैरे नव्हता तो, पण बोलण्याची पद्धत तशीच होती.

मग त्यांनी तिचं ताट बंद केलं. वाढायचं, पण लपवून. लिंबायतहून ते सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन आणायचे, त्यात नाकतोडे भरायचे आणि तोंड चिखलाने बुजवायचे. विटांच्या ढिगात खेकडा, पाल्याखाली गोगलगाई, लाकडाच्या ढोलीत उंदीर, आणि तोही दर वेळी वेगळ्या जागी. शिवाय तिने पाहू नये म्हणून हे सगळं ती दुसऱ्या खोलीत असताना. आत शिरण्याआधी ते हाताला शेणमाती चोळून घ्यायचे, माणसाचा वास लागू नये म्हणून.

शेठाणीने बारा दिवस काही खाल्लं नाही. ती रोज जाळीपाशी येऊन तोंड उघडून बसायची. मी तिकडून जायचं टाळू लागलो. मॅडमही अस्वस्थ झाल्या. "आप्पा, कल तक नहीं खाया तो मैं हाथ से खिलाऊंगी." आप्पा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "खायेगी मॅडम. अभी रूठी है." आणि मग माझ्याकडे वळून, "तिले भूक नही भाऊ, सवय शे. भूक लागनी का उठी."

तेराव्या दिवशी दुपारी एक कोन फुटलेला सापडला. आप्पांनी मला दवाखान्यातून ओढत नेलं. पिंजऱ्यात चिखलाचे तुकडे पडले होते आणि शेठाणी कोनात तोंड घालून अडकली होती. त्या अवस्थेत ती मागे मागे सरकत होती, आणि आप्पा खदखदून हसत होते. त्यांना इतकं हसताना मी पुन्हा फक्त एकदाच पाहिलं.

आता त्यांच्या बायकोबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. निंबाबाई. मी त्यांना मावशी म्हणायचो. डिंडोलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत गेलेला माणूस उपाशी परत आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. वरण-बट्टी असो, शेवभाजी असो, कळण्याची भाकरी असो, पानात एक वाढायचं आणि तुम्ही मान वळवली की दुसरं टाकायचं. नको म्हणणारा माणूस लाजतोय, अशी त्यांची पक्की समजूत. आप्पा शेठाणीला लपवून वाढतात हे ऐकल्यावर त्यांनी मला विचारलं होतं, "भाऊ, घरमा उनेल पाव्हणाले कोनी जेवण शोधाले लावस का?" मी हसून वेळ मारून नेली. वास्तविक तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं.

हिवाळा गेला, शेठाणी बारीक झाली. पाय थोडे सरळ झाले, पुरते नाहीत. उन्हं तापली तशी ती नव्या मोठ्या पिंजऱ्यातल्या बाभळीवर चढू लागली. माणूस दिसला की आता ती जीभ काढायची आणि ढोलीत शिरायची. वनखात्याचे साहेब पाहायला येणार असं ठरलं. अखाजीनंतर तीन दिवसांनी.

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आणि खानदेशी माणसाला दिवाळीपेक्षा मोठी. घागर भरायची, पितरांना जेवू घालायचं, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आप्पांचे निम्मे सोबती त्या दिवशी गावी असतात. आप्पा शेठाणीसाठी थांबले होते. म्हणून मावशीच डबा घेऊन केंद्रात आल्या. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस, तेवढ्यात अख्खा विभाग जेवला असता. आप्पा नेमके फाटकावर एक जखमी कासव उतरवून घेत होते. मावशींनी मला आहारखोलीत बसवून वाढलं आणि मी पहिला घास घेतला. त्या खोलीच्या खिडकीतून शेठाणीचा पिंजरा दिसायचा.

"हाईच ती का?" मावशींनी विचारलं. मी मान हलवली. "कधी जेवनी?"

चार दिवस झाले होते. मी तसं सांगितलं. मावशींनी कपाळाला हात लावला. "आज अखाजी शे भाऊ. आज कोन्हीबी भुकं ऱ्हावाले नको." आणि समोरच्या ट्रेमधली चार अंडी पदरात घेऊन त्या निघाल्या.

माझ्या तोंडात पुरणपोळी होती. हे कारण मी पुढे बरेच दिवस स्वतःला देत होतो. खरं कारण असं की ज्या बाईने आत्ताच आपल्याला आग्रहाने वाढलं तिला वाढू नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही. एका वेळेने काय होतंय, असंही वाटलं. मावशी जाळीपाशी बसल्या, अंडं आत धरलं आणि बोलत राहिल्या, माहेरी आलेल्या लेकीशी बोलावं तसं. शेठाणी ढोलीतून बाहेर आली. आधी लांब थांबली, जीभ काढली. मग आली आणि मान वर करून तोंड उघडलं. चारही अंडी तिने हातातून घेतली. मावशींचे डोळे भरून आले होते. माझेही थोडे आले असावेत, पण ते वेगळ्या कारणाने, कारण तोंड उघडलेलं पाहताक्षणी काय झालं ते मला कळलं होतं.

तीन दिवसांनी साहेब आले आणि जाळीपुढे उभे राहिले. शेठाणी बाभळीवरून उतरली, थेट त्यांच्या बुटांपाशी आली आणि तोंड उघडून बसली. साहेब म्हणाले, "आ तो पाळेली छे. जंगलमां कोनी पासे मागशे?" त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. रानात ती कुणाकडे मागणार, हा प्रश्न बरोबरच होता. पुढच्या वर्षी बघू, म्हणून ते गेले.

आप्पा पिंजऱ्यासमोर उभे होते. मी जाऊन सगळं सांगितलं, त्यांच्या उजव्या कानाशी, ओरडून, म्हणजे सगळ्या केंद्राला ऐकू जाईल असं. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मला तो शब्द हवा होता. संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर डिंडोलीला गेलो, मावशींची चूक नाही असं सांगायला. मावशी दारातच आनंदाने विचारू लागल्या की सोडलं का तिला. आप्पा खाटेवर बसले. एरवी ओरडून बोलणारा माणूस त्या दिवशी इतका हळू बोलला की मलाच पुढे वाकावं लागलं.

"तू तिले जेवाडं नही. बांधी टाकं."

जेवू घातलं नाहीस, बांधून टाकलंस, एवढंच. त्या दिवशी मावशींनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. कोन, चिखल, खेकडे, शेणमाती. या वेळी ती नऊ दिवस रुसली. वहीत दोन्ही रकाने मी स्वतः भरले, आणि एकदाही न पाहता सही केली नाही. पुढच्या अखाजीला मावशी डबा घेऊन आल्या आणि फाटकाच्या आत आल्या नाहीत. बाहेर लिंबाखाली बसल्या. आम्हीच तिथे जाऊन जेवलो. त्यांनी पिंजऱ्याकडे पाहिलंही नाही, आणि मला आग्रहही केला नाही. ते मला बरं वाटलं नाही.

त्या वर्षी साहेब दोनदा आले, एकदा न सांगता. दोन्ही वेळा शेठाणी त्यांना दिसलीच नाही. ढोलीत शेपटीचं टोक तेवढं होतं. साहेबांनी कागदावर सही केली.

मांडवीच्या पलीकडच्या रानात तिला सोडायला जीप गेली. मी गेलो नाही, दवाखान्यात काम होतं. संध्याकाळी आप्पा परत आले ते रिकामं पोतं काखेत मारून. मी विचारायच्या आत ओरडले, "भाऊ, एकदाबी मांगे दखं नही तिनी! एकदाबी!" आणि हसायला लागले. मग ते पोतं त्यांनी घडी केलं, उलगडलं आणि परत घडी केलं. दिवाळीला ते निवृत्त झाले. घोरपडींच्या वहीतले दोन्ही रकाने त्यांच्यानंतरही चालू राहिले, हे मी पाहिलं.

यंदा उन्हाळ्यात कळलं की आप्पांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली होती, आता थोडी हलू लागली आहे. मी एका रविवारी दुपारी डिंडोलीला गेलो. आप्पा खाटेवर बसले होते, अंगाने निम्मे झालेले. मला पाहून ओरडले, शब्द काही कळला नाही, पण ओरडणं तेच. मावशींनी मला पाणी दिलं. मग ताट वाढलं. भाकरी, भाजी, दुधात कुस्करलेला भात. मला वाटलं आता त्या खाटेशी बसून भरवतील. त्यांनी ताट नेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालच्या स्टुलावर ठेवलं. आप्पांनी ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. डावा हात उचलून त्यांनी ताटाकडे बोट दाखवलं आणि तोंड किंचित उघडलं.

मी उठलो. ताटापर्यंत चार पावलं होती.

"हातात दिऊ नका भाऊ," मावशी म्हणाल्या. "डाक्टरनी चालाले सांगेल शे. हातात दिधं ते बांधाई जातीन."

आयुष्यभर ज्या बाईने लोकांच्या पानात जबरदस्तीने वाढलं, ती हे म्हणत होती. मी परत बसलो. आप्पा थोडा वेळ रुसल्यासारखे बसून राहिले. मग डाव्या हाताने खाटेची कड धरून उठले, भिंतीला खांदा लावला आणि निघाले. उजवा पाय फरशीवर ओढला जात होता. मधे एकदा थांबले, मला वाटलं पडतात. माझे हात आपोआप पुढे झाले होते, ते मी मांडीखाली दाबून धरले.

मावशी चुलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. पदर तोंडात धरलेला.

"पोचनात का भाऊ?" त्यांनी न वळता विचारलं.

आप्पांचा डावा हात ताटात होता. मी मावशींच्या खांद्याला हात लावला.